शहर, श्रमिक आणि छायाचित्र
(हट्टा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली अशा व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा तिथे बोलणारे लोक मोठे विद्वान होते. हट्ट्याच्या चालकांनी ती प्रथा मोडली आणि सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला या व्यासपीठावर उभे केले. माझे पुढचे शिक्षण मोंढ्यात झाले, युनियनच्या कचेरीत झाले आणि, आज ज्याविषयी बोलायचे त्या फोटोच्या काळ्या खोलीत झाले. तेव्हा पुस्तकी भाषेत कुठे चूक झाली तर सांभाळून घ्या. पण गोष्टीत चूक दिसली तर भाषण संपल्यावर मला अवश्य धरा.

चालकांनी मला विषय विचारला. मी म्हणालो, फिल्मच्या कॅमेऱ्याने शहर कसे पाहावे आणि शहराची नोंद कशी ठेवावी, यावर बोलतो. ते थोडे गप्प झाले. हमालांचा कार्यकर्ता मजुरीवर बोलेल, माथाडी कायद्यावर बोलेल, फार तर हळदीच्या भावावर बोलेल. हा फोटोचे काय घेऊन बसला? शिवाय हट्टा हे खेडे, इथे शहराचे काय? पण मी तुम्हाला विचारतो, या मंडपात असे घर कोणते, ज्यातला एक तरी माणूस नांदेडला, औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला), पुण्याला किंवा मुंबईला राबायला गेला नाही? शहर तुमच्या-आमच्या माणसांनी उचलून, रचून, झाडून उभे केलेले आहे. आणि त्या शहराचा फोटो काढला जातो तेव्हा आपला माणूस त्यात कुठे असतो, एवढेच मला आज बघायचे आहे.

मी १९८५ साली, पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर नांदेडला गेलो. हट्टा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. वडील मोंढ्यात हमाली करीत. मी अंगाने किडकिडा, म्हणून मला पोत्याखाली न घालता त्यांनी एका फोटो स्टुडिओत ठेवले. काम काय, तर झाडणे, चहा आणणे, आणि ट्रे धुणे. ट्रे धुता धुता मी पुढचे काम शिकलो.

काळी खोली म्हणजे काय हे आजच्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून जरा सांगतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर उजेड पडला की जे घडते ते डोळ्याला दिसत नाही. ते दिसावे म्हणून फिल्म एका रसायनात धुवावी लागते. मग हायपोत घालायची, म्हणजे न लागलेली चांदी निघून जाते आणि चित्र पक्के होते. मग स्वच्छ पाण्यात पुष्कळ वेळ धुवायची. कागदावर फोटो उतरवताना तांबडा दिवा चालतो. फिल्म धुताना तोही चालत नाही. घुप्प अंधारात हाताच्या स्पर्शानेच सारे करायचे. फिल्मवर जे उजळ ते काळे आणि काळे ते उजळ असे उलटे चित्र येते. मला तिथे काम करताना पहिली सवय लागली ती माणसाचा चेहरा उलट्या रंगात ओळखण्याची.

पुस्तकात लिहिलेले असे की रसायन वीस अंशांवर ठेवा. पुस्तक लिहिणाऱ्याने मराठवाड्यातला मे महिना पाहिला नसावा! नळाचे पाणीच हाताला चटका देई. पाणी गरम असले की फिल्मवरचा थर मऊ होतो, त्याला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात आणि नवरदेवाचे नाक कपाळावर जाते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही रोल रात्री धूत असू, माठातले पाणी घेऊन, आणि लगीनसराईत ट्रेखाली बर्फ ठेवून. पाणीटंचाईच्या वर्षी मालक फिल्म धुण्याचे पाणी मोजून देई. त्या वर्षीचे फोटो पुढे पिवळे पडले. हायपो नीट निघाला नाही की असे होते. आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या लग्नाच्या अल्बमवर जे पिवळे डाग आहेत, त्यांतले काही दुष्काळाचे डाग आहेत, हे ध्यानात घ्या.

आणखी एक गंमत. वापरलेल्या हायपोत चांदी उरते. ती काढून घेणारे लोक डबे विकत घेऊन जात. मला महिन्याला जे मिळे त्याचा आणि त्या डब्यांच्या पैशाचा हिशेब मी एकदा मनात घातला होता. युनियनचे पहिले बीज तिथे पडले म्हणा ना.

१९८८ साली मी एक जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. बडोद्याला बनणारी ती साधी पेटी त्या काळी गरिबाघरचा कॅमेरा होती. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग एकच. लख्ख ऊन पाहिजे आणि समोरचा माणूस स्थिर पाहिजे. रविवारी स्टुडिओ दुपारी बंद होई. तेव्हा मी ती पेटी गळ्यात घालून नांदेड पायी पालथे घाली. स्टेशन, गोदावरीचे घाट, गुरुद्वाऱ्याकडे जाणारी यात्रेकरूंची रीघ, निजामाच्या अमदानीत उभी राहिलेली आणि आज बंद पडलेली उस्मानशाही मिल, हातगाडेवाले, आणि शेवटी मोंढा. बारा फोटो पुरवायला मला कधी कधी दोन-दोन महिने लागत, कारण रोल संपला की दुसऱ्याला पैसे नसत. त्यामुळे एक झाले. मी एका जागी उभा राहून बघायला शिकलो. पोते कोण उचलते, पाठीवर कोण देते, थप्पी कोण लावतो, तोलणारा कुठे बसतो, दाणे वेचणाऱ्या बायका कोणत्या वेळी आत येतात आणि त्यांना कोण हाकलतो, हे सारे मी कॅमेरा न उघडताच पाहिले. रोल महाग होता म्हणून पाहिले, त्यात माझा काही थोरपणा नाही.

आणि याच मोंढ्यात मला पहिला धडा मिळाला. मला ओझे वाहणाऱ्या हमालाचा फोटो हवा होता. तो चालला की माझ्या कॅमेऱ्यात नुसता धूर येई. म्हणून मी एका हमालाला म्हणालो, "मामा, जरा थांबा." तो थांबला. त्या काळी पोते क्विंटलाचे असे. मी सूर्य बघितला, दोन पावले मागे सरलो, चौकटीत पाय येतात की नाही ते पाहिले आणि मग खटका दाबला. वडील समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. रात्री जेवताना म्हणाले, "काहून थांबवलंस त्याला? तुझ्या बापाच्या पाठीवर असतं तर थांबवलं असतंस का?" फोटो उत्तम आला होता. पुढे एका प्रदर्शनात लोकांनी त्याची वाहवा केली, तेव्हा मला तो अर्धा मिनिट आठवत होता.

आता थोडा इतिहास. तो मी पुस्तके उसनी आणून, शब्दकोश मांडीवर ठेवून वाचला आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली; म्हणजे फोटोची विद्या यायला आपल्याकडे फार उशीर झाला नाही. त्या मंडळीत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. हा आपला मराठी माणूस फोटो काढणाऱ्या पहिल्या पिढीतला, हे आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही. त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे एक मोठे पुस्तक दोन भागांत काढले. १८६३ आणि १८६६ साली ते आले. आता त्यातली मेख ऐका. त्याने माणसांचे फोटो वेगळे काढले आणि मागचा देखावा, कुठे देऊळ, कुठे रस्ता, वेगळा काढून मागाहून त्यांना जोडला. म्हणजे माणूस उभा राहिला एकीकडे आणि पुस्तकात दिसतो दुसरीकडेच! हल्ली लोक म्हणतात की जुन्या फिल्मच्या फोटोत लबाडी नव्हती, लबाडी संगणकाने आणली. मुंबईच्या माणसांचे पहिले मोठे पुस्तकच जोडकामाचे आहे. तेव्हा फिल्म म्हणजे सत्य, असे कोणी तुम्हाला सांगू लागला तर त्याला जॉन्सनसाहेबाची आठवण द्या.

आपण तर निजामाच्या राज्यातले. १९४८ च्या सप्टेंबरात सुटलो. निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखा अव्वल छायाचित्रकार होता. सहाव्या निजामाच्या दरबाराचे, शिकारींचे, राजवाड्यांचे त्यांचे फोटो जगभर मानले जातात. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचे फोटोही त्यांच्याच पेढीचे आहेत. हे फोटो सरकारने किती उपकार केले ते दाखविण्यासाठी काढलेले. पण कॅमेऱ्याचे एक बरे असते. मालकाला जे दाखवायचे असते त्याच्या कडेला दुसरे काही येऊन बसते. खडी फोडणारी माणसे सरकारच्या कौतुकासाठी ओळीत उभी केली, तरी त्यांच्या बरगड्या काही सरकारला झाकता येत नाहीत.

होमाई व्यारावाला यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईत जे. जे. मध्ये शिक्षण. या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीला जाण्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या रोजच्या जीवनाचे फोटो काढले, आणि सुरुवातीला ते नवऱ्याच्या नावाने छापले गेले, कारण बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी नेहरूंपासून सर्वांचे फोटो काढले, १९७० साली कॅमेरा खाली ठेवला आणि मग चाळीस वर्षांनी, २०११ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आम्हा हमालांना नवी नाही. पावतीवर नाव मुकादमाचे असते.

परंतु मला आज ज्या माणसाबद्दल मुद्दाम सांगायचे आहे ते आपल्या बाजूचे आहेत. आपल्या हिंगोलीवरून जाणारी गाडी पुढे जिथे पोचते, त्या अकोल्याचे. सुधारक ओलवे, जन्म १९६६. मुंबईत वर्तमानपत्रांत छायाचित्रकार म्हणून त्यांनी नोकरी केली. बातमीचे फोटो काढणे हा त्यांचा रोजगार. पण मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांमागे ते वर्षानुवर्षे फिरले. शहर झोपेतून उठण्याआधी ज्यांची पाळी सुरू होते ते हे लोक. गटारात उतरणारे, कचऱ्याच्या गाडीत कमरेपर्यंत बुडून उभे राहणारे, मेलेले जनावर उचलणारे. बहुतेक दलित समाजातले. ओलव्यांनी त्यांचे काळे-पांढरे फोटो काढले. २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्या कामाचा गौरव केला, पुढे त्याचे इंग्रजीत पुस्तक निघाले, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी ते फोटो प्रथम पाहिले तेव्हा रंग नाही याचे मला बरे वाटले. कचऱ्याला रंग असता तर माझी नजर कचऱ्यावर गेली असती. काळ्या-पांढऱ्यात ती चेहऱ्यावर जाते. दुसरे, हे फोटो रस्त्यावरून जाता जाता टिपलेले नाहीत. त्यांत कामगारांची घरे आहेत, बायका आहेत, दारू आहे, आजारपण आहे. त्या घरात पुन्हा पुन्हा गेल्यावाचून असा फोटो मिळत नाही. आम्ही संघटनेत जे म्हणतो, की सभासद व्हा म्हणण्याआधी दहा वेळा चहा प्यावा लागतो, तेच इथे आहे.

आता कोणी विचारील की या फोटोंनी सफाई कामगारांचे काय भले झाले? प्रश्न रास्त आहे. मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी सुमारे २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात पक्का झाला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढवलेल्या खटल्यामुळे. फोटोमुळे नव्हे. मी युनियनचा माणूस आहे, फोटोला नको ते श्रेय देणार नाही. अमेरिकेत लुईस हाइन नावाचा एक शाळामास्तर होता. १९०८ पासून बालमजुरीविरुद्धच्या समितीसाठी तो गिरण्या-खाणींत हिंडला. आत शिरायला तो कधी तपासनीस बने, कधी फिरता विक्रेता. पोरांची उंची मोजायला आपल्या कोटाच्या गुंड्या वापरी. अमुक गुंडीपर्यंत पोर आले म्हणजे अमुक उंची. आणि खिशात हात घालून आतल्या आतच कागदावर टिपून घेई. फोटोइतकीच त्याची टिपणे मोलाची होती: नाव, वय, पाळी, मजुरी. तरीसुद्धा तिथला १९१६ चा कायदा दोन वर्षांत कोर्टाने रद्द केला आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. तीस वर्षे! हाइन १९४० साली गरिबीत मेला. फोटोने डोळे उघडतात; दार उघडायला माणसे लागतात, आणि बराच वेळ लागतो.

इथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझी सांगतो. ती सांगावी की नाही याचा विचार मी गेले आठ दिवस केला.

१९९१ साली स्टुडिओ सोडून मी मोंढ्यात आलो आणि हळूहळू संघटनेचे काम माझ्या अंगावर पडले. १९९६ साली हमालीच्या दरासाठी आम्ही एका बाजारात धरणे धरले. गाव मी सांगत नाही. फाटकासमोर सात जण आडवे बसले होते. मी क्लिक थ्रीने त्यांचा फोटो काढला. चांगले ऊन होते, सगळे माझ्याकडे बघत होते, सातही चेहरे स्वच्छ. माझी छाती फुगली. एका साप्ताहिकाला मी त्याची प्रत दिली, त्यांनी ती छापली, आम्ही ते पान भिंतींवर लावले.

दर थोडा वाढला आणि काम सुरू झाले. मग पंधरा दिवसांत लक्षात आले की त्या सातांपैकी तिघांना कोणी बोलावत नाही. टोळीत नाव असे, पण गाडी आली की मुकादम दुसऱ्याकडे बोट दाखवी. एका दुकानाच्या गल्ल्यामागे ते साप्ताहिकाचे पान मी स्वतः पाहिले. तीन चेहऱ्यांभोवती शाईने गोल केलेले होते. बाकीचे चार तरुण होते, त्यांच्यावाचून अडले असते. हे तिघे पन्नाशीचे. दोघांना आम्ही भांडून परत घ्यायला लावले. तिसऱ्याला नाही. त्यांना मी काका म्हणत असे. सहा महिने ते रोज सकाळी फाटकाशी येऊन बसत. मग यायचे बंद झाले.

मी फार पुढे वाचले की १८७१ साली पॅरिसच्या कामगारांनी आपले राज्य उभारले तेव्हा ते मोठ्या हौसेने मोर्चेबंदीवर फोटो काढून घेत. राज्य दोन-अडीच महिन्यांत बुडाले, आणि तेच फोटो पोलिसांनी माणसे ओळखायला वापरले. हे पुस्तक मला १९९५ मध्ये मिळाले असते तर! पण पुस्तक हाती नव्हते ही सबब मी स्वतःला फार दिवस देऊ शकलो नाही. काकांना मी विचारले नव्हते, एवढे कळायला पॅरिसला जावे लागत नाही.

त्यानंतर मी दोन वर्षे कॅमेरा हातात धरला नाही. पुन्हा धरला तेव्हा नियम घालून घेतला. धरण्यात चेहऱ्याचा फोटो नाही. पाठी, हात, पायांतल्या वहाणा, आकडा, फाटके गोणपाट. आणि कुणाचाही फोटो घरी नेण्याआधी त्याला दाखवायचा. फिल्मवर लगेच दाखवता येत नाही, म्हणून आठवड्याने छापील प्रत घेऊन त्याच्याकडे परत जायचे. या परत जाण्यातच अर्धी संघटना उभी राहिली. हातात फोटो घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी पाणी दिल्यावाचून सोडत नाही.

२०११ साली एक बाई युनियनच्या कचेरीत आली. काकांची बायको. काका वारून दोन वर्षे झाली होती. मी तिला बसायला खुर्ची दिली आणि काय ऐकावे लागणार याची मनात तयारी केली. ती म्हणाली, "भाऊ, त्यांचा तो पेपरातला फोटो तुमच्यापाशी आहे म्हणतात. आमच्यापाशी एकही नाही." लग्नात फोटो काढला नव्हता, रेशनकार्डावरचा कधीच पुसट झालेला. मी डबा उघडला. पावसाळी हवेने फिल्मला बुरशी धरते. त्या पट्टीवरच्या चार फोटोंवर धरली होती. हा मात्र शाबूत होता. मी पट्टी खिडकीशी धरली. उलट्या रंगातही मला ते ओळखू आले. प्रत काढून दिली तेव्हा तिने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा सदरा मीच शिवला होता." पुढे म्हणाली, "एवढी मोठी नको. डब्यात मावेल अशी द्या." मी त्या फोटोचा सारा वृत्तांत तिला सांगितला, गोल केलेल्या चेहऱ्यांचाही. तिला तो माहीत होता. त्यावर ती काहीच बोलली नाही, आणि मीही दुसरा शब्द काढला नाही.

असो. थोडे आजच्या काळाविषयी बोलून थांबतो.

फिल्मचे राज्य गेले. कोडाक्रोम नावाची रंगीत फिल्म १९३५ पासून चालली, ती २००९ साली बंद झाली. २०१२ साली कोडक कंपनीनेच दिवाळे काढले, मग ती पुन्हा कशीबशी उभी राहिली. आपल्या देशातही उटकमंडला केंद्र सरकारचा फिल्मचा कारखाना होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्स. १९६० साली स्थापन, १९६७ पासून उत्पादन, 'इंदू' नावाची फिल्म. मी इंदूचे किती रोल धुतले त्याची गणती नाही. हमालांच्या छातीचे क्ष-किरण फोटोही तिथल्या फिल्मवर निघत. नव्वदीत तो कारखाना आजारी ठरला आणि शेवटी कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन बंद झाला. फिल्म गेली याची हळहळ करणारे मला पुष्कळ भेटतात. फिल्म बनवणाऱ्या हातांची आठवण काढणारा अजून भेटायचा आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईची तरुण मुले पुन्हा जुने फिल्मचे कॅमेरे गळ्यात घालून गल्लीबोळांतून फिरू लागली आहेत. त्यांच्यापैकी दोघे मला मोंढ्यात भेटले. एका रोलचा आणि तो धुण्याचा खर्च त्यांनी सांगितला. आमच्या हमालाच्या दिवसभराच्या मजुरीच्या वर जातो. मला आधी रागच आला. मग पाहिले, मुलगी एका थप्पीसमोर पाऊण तास उभी होती, आणि खटका दाबण्याआधी तिने हमालाला नाव विचारले. राग गेला. तिला मी एवढेच म्हणालो की प्रत घेऊन परत ये. ती अजून आलेली नाही. पण रोल धुवायला वेळ लागतो.

तुमच्या सर्वांच्या खिशात आज फोन आहे आणि त्यात हजारो फोटो आहेत. त्याला माझा विरोध नाही. मजुरीच्या नोंदवहीचा फोटो फोनने काढून ठेवा, असे मीच सभासदांना सांगतो. पण फोन पाण्यात पडला की पाच वर्षांचा संसार जातो, हेही मी कचेरीत रोज पाहतो. फिल्मच्या पट्टीला वीज लागत नाही. तीस वर्षांनी ती उन्हाकडे धरली तरी आतला माणूस दिसतो. माथाडी कायदा १९६९ चा. पण आपण इथे अमुक वर्षे राबलो हे दाखवायला हमालापाशी कागद कोणता? कित्येकांपाशी काही नाही. नांदेडला, पुण्याला, मुंबईला गेलेल्या आपल्या बापांच्या, चुलत्यांच्या पेटीत तळाशी अशा पट्ट्या असतील. गेटवेसमोर पैसे देऊन काढलेला फोटो असेल, स्टुडिओतल्या रंगवलेल्या ताजमहालापुढचा असेल, गिरणीच्या गेटवरचा असेल. दिवाळीच्या साफसफाईत या पट्ट्या टाकू नका. काचेच्या बरणीत नको, दमट भिंतीला लागून नको. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. बोट मध्ये लावू नका, कडेने धरा. आणि सर्वांत आधी, घरातले म्हातारे माणूस जिवंत आहे तोवर त्यात कोण कोण आहे ते विचारून घ्या. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला रद्दी वाटतो, त्यांचा त्यात दोष नाही.

मी आज बरोबर चाळीस फोटो आणले आहेत, १९८८ ते २००३ या काळातले. मंडपाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, टेबलावर मांडले आहेत. काकांचा त्यांत नाही. तो त्यांच्या घरचा आहे. बाकीच्यांपैकी अकरा फोटोंतली माणसे मला ओळखू येत नाहीत. त्यांपैकी एकात नांदेड स्टेशनबाहेर गाठोड्यावर बसलेली एक बाई आहे, मांडीवर पोर आहे, आणि लुगड्याची नेसण आपल्या भागातली आहे. कोणी ओळखली तर फोटोमागे नाव लिहा, आणि ती किंवा तिचे कोणी असतील तर मला सांगा, म्हणजे प्रत पोचवता येईल. लिहायला पेन्सिल ठेवली आहे. शाईने लिहू नका, ती दुसऱ्या बाजूला उतरते.